मलपृष्ठावरची विदुषी

ताज्या पावाचा ऊबदार वास आणि त्याखाली दबलेला जुन्या शाईचा कडसर वास. फारसी भाषा माझ्याकडे अशी नाकावाटे आली. नगरात एका इराणी हॉटेलाच्या माडीवर मालकाच्या पत्नी राहत; आम्ही मुली त्यांना खानम म्हणत असू. काष्टीहून कॉलेजसाठी आलेली मी, कवितेच्या हव्यासापोटी, त्यांच्याकडे फारसी अक्षरं गिरवायला जाई.

त्यांच्या आईने तिकडे इराणात बायकांसाठी मासिक काढलं होतं. खिडक्यांवर दगड आले, छापखान्याला कुलूप लागलं, मासिक दुसऱ्या गावी पुन्हा निघालं. खानमांजवळ त्याचा एकच अंक उरला होता. मुखपृष्ठावर आईचं छायाचित्र. ओठ घट्ट मिटलेले.

"इथं कोणाला माहीत नाय, बेटी," त्या म्हणाल्या. "एकदा छापून आली पाहिजे. चेहऱ्यासकट."

मी तो इतिहास लिहिला आणि अंकासह शहरातल्या एका महिला-वार्षिकाकडे नेऊन दिला. या महिला-वार्षिकाचे संपादक तीन पुरुष होते. स्त्रीचं मन त्यांना इतकं अवगत होतं, की तिला काही विचारण्याची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. पाथर्डीकडच्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, त्या वर्षी या मंडळींनी 'उन्हाळा आणि त्वचेची कोमलता' हा लेख छापला. लेखक एक निवृत्त मामलेदार.

वार्षिक निघालं. माझ्या लेखाच्या चार ओळी शिल्लक होत्या, दगड पार वेचून काढलेले. शेजारी कुरळ्या केसांची एक तरुणी दात दाखवून हसत होती. फारसी उजवीकडून वाचतात, म्हणून अंकही उजवीकडून उघडतो. या विद्वानांनी तो आपल्या सवयीने धरला, मलपृष्ठालाच मुखपृष्ठ मानलं आणि जाहिरातीतल्या बाईचा छपाईचा ब्लॉक करून घेतला.

मी सांगायला गेले, तेव्हा मुख्य संपादक सुपारी कातरत होते.

"तुम्ही अंक उलटा धरलात."

"ताई, जन्म गेला आमचा कागदांत. पुस्तकाचं तोंड कुठं असतं, ते आता तुमच्याकडून शिकायचं?"

"पण या त्या बाई नाहीत."

"बाई आहे ना? इराणी आहे ना? मग झालं की."

"आणि देखणी आहे," सहसंपादकांनी जोड दिली. "खरी कशी असेल, देव जाणे."

शुद्धिपत्राचा विषय त्यांनी सुपारीबरोबरच चघळून संपवला. वाचकांची एकही तक्रार नव्हती, असं त्यांचं म्हणणं. खरंच होतं ते. नगरात फारसी वाचणाऱ्या स्त्रियांकडून त्यांना कितीशी पत्रं येणार होती?

खानमांचा जुना अंक आणि नवं वार्षिक घेऊन मी माडी चढले. त्यांनी ओले हात पुसले, चष्मा लावला, पान उजेडाकडे धरलं. मराठी त्यांना वाचता येत नसे.

"खाली काय लिहिलंय? वाच."

मी वाचलं, "संस्थापक-संपादिका, एक थोर विदुषी."

खानमांनी त्या हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे न बघता, अगदी कोरडेपणाने म्हणाल्या,

"साबण."