बंद केलेले इशारे

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. अकोल्यात मी आणि माझा मित्र, सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका जिनिंगचा प्रोग्राम लिहायचो. कॉम्प्युटर एकच, तोही मित्राच्या नावानं उघडलेला. एखादा आकडा घेऊन वापरला नाही, की प्रोग्रामची भाषा लगेच इशारा द्यायची.

"कावून एवढी किरकिर करून राहिली बे हे!" तो हसायचा.

एकदा तो माझ्याआधी जेवायला गेला आणि वैतागून मी सगळेच इशारे बंद केले. त्यातला एक खरा होता. कापसाचा ओलावा मोजला जायचा, पण तो आकडा पुढे कुठेच तपासला जात नव्हता. ओल्या गाठी पिवळ्या पडल्या. बदल त्याच्या नावावर दिसला, मालकानं त्याला काढलं. मी गप्प बसलो. तो अमरावतीला परतला; दोघं मिळून खायचो तो डबा आता मी एकटाच खातो.

मालकाला मित्रासमोर 'ते मी केलं' असं सांगायचं, एवढं मी अजून त्याचं देणं लागतो.