जास्त पाजलेलं विमान

रविवारी सकाळी आंबिवलीला मोकळ्या मैदानात आम्ही गेलेलो. ह्यांचं रिमोटचं विमान सुरूच होईना. मी मागून शेपटी धरून बसलेले आणि हे पुढचा पंखा बोटाने झटके मारून फिरवत होते. माझा जीव नुसता वर-खाली. हे शिलाई मशीनवर बसतात, बोट गेलं तर आम्ही खायचं काय?

"अहो, काठीने फिरवा ना!"

"अगं, बोटाने अंदाज येतो. तू गप धर."

इंजिन लागलं नाही की हे आणखी तेल आत ओढायचे आणि परत झटका. नुसतं फुस्स. खालच्या नळीतून तेल टपटपायला लागलं. बाळाला घेऊन लांब बसलेली नणंद बोलली, "दादा, उडवायचंय की पाजायचंय?"

मला एकदम पटलं. बाळाला दूध जास्त झालं की असंच ओठातून गळतं, मग अजून पाजून काय उपयोग?

"अहो, जास्त झालंय त्याला. आधी ढेकर काढा!"

हे हसले, पण थांबले. वरचा प्लग खोलला, विमान उलटं करून पंखा फिरवला, तर तेलाची पिचकारी थेट शर्टावर. मग प्लग लावला, त्याला बॅटरी जोडली, आणि परत बोटच पुढे! मी ओरडेपर्यंत इंजिन किंचाळलं. तिकडे बाळ दचकून रडायला लागलं.

"सोड गं, सोड आता!" हे ओरडत होते.

मी शेपटी आणखी घट्ट धरली. "आधी दोन्ही हात दाखवा!"