गुलाबी गोळी

माझ्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला, त्याच वर्षी आईला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. बँकेची नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेला माणूस आणि पंच्याऐंशीची, विसराळू झालेली आई. सगळं मला झेपेना. शहराबाहेर, भैरवगढच्या वाटेवरचा तो आश्रम स्वच्छ होता, खोलीत ऊन यायचं. शेजारच्या खाटेवर एक मालवी बोलणाऱ्या आजी होत्या. त्यांना शुगर होती. आईला फक्त बीपीची गोळी असायची.

गोळ्या देणारी दीदी पूर्वी छपाईच्या कारखान्यात कापड रंगवायची. नखांच्या कडा अजून निळसर होत्या. आश्रमात ती स्वयंपाकाला आली होती. नर्स सोडून गेली तेव्हा मॅनेजरनं औषधांचं कामही तिच्यावर टाकलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते लपवलं नव्हतं, कोणी विचारलंच नव्हतं.

"रंग पक्का याद रहता है मुझे," ती मला म्हणाली होती. आईची पांढरी, आजींची गुलाबी. आपलं माणूस दुसऱ्याच्या हाती सोपवलं की फार खोदून विचारायचं धाडस होत नाही.

एकदा टावर चौकातल्या दुकानात आईची नेहमीची गोळी मिळाली नाही. "कंपनी दूसरी है, दवाई वही है," दुकानदार म्हणाला. घाईत होते. पाकीट न उघडताच मी ते दीदीला देऊन आले. आतली गोळी गुलाबी होती. दीदीनं सगळ्या गुलाबी गोळ्या एकाच डबीत भरल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आई सकाळपासून थरथरत होती, घामानं भिजली होती. दीदीला वाटलं, ऊन लागलं. तिनं कांदा हुंगवला, तळपाय चोळले. अशा वेळी साखर द्यायची असते, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी पोचले तोवर आईची शुद्ध हरपली होती.

दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरांनी विचारलं, "इन्हें शुगर की गोली कौन दे रहा है?"

आई वाचली, पण तिचं बोलणं गेलं ते गेलंच. मला बघून ती हात जोडायची, पाहुण्यांना जोडतात तसे.

मी तक्रार लिहून मॅनेजरकडे गेले. दीदीला कधी काही शिकवलं होतं का, असं विचारलं.

"किसको सिखाएँ मैडम? दो महीने में छोड़ जाती हैं," तो शांतपणे म्हणाला. "आप चाहें तो माताजी को ले जाइए."

कुठे नेणार होते मी? कागद पर्समध्येच राहिला.

बाहेर दीदी उभी होती. "मैंने तो कहा था, कोई बता दे मुझे," एवढंच म्हणाली. पाकीट तर मीच न बघता दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला काढून टाकलं.

नवी बाई आली. मी दोन वेगळ्या डब्या नेल्या, त्यांवर दोघींचे फोटो चिकटवले, तिला सगळं दोनदा समजावलं. प्रत्येक वाक्याला ती "हाँ मैडम" म्हणत होती.

"अब बताइए, माताजी को पसीना आए तो क्या करना है?" मी विचारलं.

तिनं आईकडे पाहिलं, हसली. "हाँ मैडम," म्हणाली.

बँकेची वेळ झाली होती. मी डब्या तिच्या हातात दिल्या आणि निघाले.