मामींच्या आवाजाची सीडी

लग्नांचं शूटिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळे शूटिंगमामा म्हणत. खांद्यावर कॅमेरा आला की मामा नवऱ्यामुलाच्या बापालाही दटावत, "काका, सरका जरा, नाहीतर नुसती तुमची पाठ दिसेल!" घरी मात्र त्यांची बोलती बंद. तिथं मामींचं राज्य. शूटिंगला दिवा धरायला मामीच जात, त्यामुळे इतक्या लग्नांत त्या कुठेच दिसत नाहीत. नवा कॅमेरा तपासताना एकदाच सापडल्या: ओट्याशी उभ्या, कडेवर लेक आणि तोंडाचा पट्टा सुरू. "अहो, बंद करा ते! दूध उतू चाललंय इकडे!" आणि मग स्वतःच हसत सुटलेल्या.

लेक शाळेत जायच्या आत मामी गेल्या. लेकीला आईचा चेहरा फोटोंमुळे ठाऊक होता, आवाज काही केल्या आठवत नव्हता.

पुढे बाजारात सीडी आली तेव्हा मामा तिच्यावर भाळलेच. खोक्यावर छापलं होतं, शंभर वर्षं टिकते. छापलंय म्हणजे खरंच असणार, असं मानणारा भाबडा जीव! गिऱ्हाइकांच्या सीडीवर ते पेनानं नाव खरडून देत. मामींचं ते ओट्याजवळचं शूटिंग टेपवरून उतरवलेल्या सीडीवर मात्र त्यांनी मामींचा फोटो छापलेला गोल कागद डिंकानं चिकटवला, अंगठ्यानं दाबून दाबून. मग ती कपाटात जपून ठेवली, झिजेल म्हणून कधी लावलीसुद्धा नाही.

परवा लेक आपल्या तान्ह्याला घेऊन आली. "बाबा, याला आजी ऐकवायची. आणि मलाही."

सीडी घरघरली आणि थांबली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं ती उजेडात धरली. कागद आक्रसला होता, त्याच्याबरोबर खालचा चंदेरी थर जागोजागी उखडला होता.

"मामा, सगळं त्या थरातच असतं. डिंकानं खाल्लं ते. आता काही निघायचं नाही."

"अरे, शंभर वर्षं लिहिलं होतं!"

"कंपनी कुठं शंभर वर्षं थांबून बघायला गेली होती?"

घरी येऊन मामांनी एका गिऱ्हाइकाची खरडलेली सीडी लावली. ती ठणठणीत! कुणाचा तरी काका झकास नाचत होता. मामांचं डोकं फिरलं. परक्यांच्या सीडी टिकल्या आणि जिच्यावर जीव टाकला तिनंच केसानं गळा कापला! त्यांनी ती सीडी भिंतीवर भिरकावली.

लेक अजून धीर धरून होती. "असू दे, बाबा. मूळ टेप असेलच ना?"

मामा भिरकावलेली सीडी उचलायला वाकले. धंद्याची रीत अशी, की सीडी झाली की तीच टेप पुढच्या शूटिंगला घ्यायची. कोरी टेप महाग. शंभर वर्षांची सोय झालीय म्हटल्यावर मामींची टेपही त्यांनी बिनधास्त कॅमेऱ्यात घातली होती. तुटक तुटक बोलत त्यांनी ते सांगितलं.

लेकीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. "बाबा, आईवर कुणाचं लग्न टेप केलंत?"

मामांना ते आठवतही नव्हतं.