नटवलेलं पत्रक

काल मालाडला आइस्क्रीमच्या नव्या दुकानावर तीच अक्षरं दिसली. जाड, गोंडस, जुन्या जाहिरातींसारखी शेपट्या वळवलेली. सुनावणीला या म्हणून मी चाळीत वाटलेल्या पत्रकावरची.

मी तेव्हा कॉलेजात होते. आमची चाळ पाडायची का, याची सुनावणी अकराला होती आणि साडेदहाला फाटकाशी आम्ही चौघंच. धावत सावंतकाकूंकडे गेले. "पत्रक नाही मिळालं?"

"ह्यां पत्रक होय गो? माका वाटला, कोणाकडे तरी सत्यनारायण हा. देवाकडे ठेवलंय बघ."

त्यावर चक्क हळदकुंकू वाहिलेलं! अक्षरं मीच हौसेने निवडली होती, तरी ओरडले, "वाचायचं तरी ना!" त्या ओरडण्याची आज लाज वाटते.

मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने लिहिलं, 'घर पाडणार.' पुढचा शब्द लिहीपर्यंत काकूंनी चपला घातल्या होत्या.