वासावरचं मीठ

पाडव्याच्या सकाळी सासूबाईंनी पुडाच्या वडीचं सारण परातीत पसरलं. चिरलेली कोथिंबीर, तिखट, लिंबाचा रस, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, चारोळ्या आणि तेलात टम्म फुगलेले बेदाणे. मग नेहमीसारखं मूठभर उचलून त्यांनी नाकाशी धरलं. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, म्हणून मीठ वासावर ठरवायचं. नागपूरच्या या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच पाहतेय.

यंदा मात्र सर्दीनं त्यांचं नाक चोंदलेलं. "तू बघ गं," म्हणत त्यांनी मूठ माझ्यापुढे केली. मी डोळे मिटून वास घेतला. खोबरं आलं, लिंबू आलं, बेदाण्यांचा गोडसरपणाही आला. मीठ काही येईना. इतकी वर्षं राहून एवढंही जमू नये! तरी ऐटीत म्हटलं, "चिमूटभर हवं." त्यांनी लगेच घातलं.

नैवेद्य झाला, आम्ही जेवायला बसलो. कुरकुरीत पारी फुटली, तिखटात एक बेदाणा दाताखाली आला. मीठ अगदी नेमकं होतं. मग मला राहवेना, मी खरं सांगून टाकलं.

सासूबाई खळखळून हसल्या. "अगं, मिठाला कुठं वास असतो? माझ्या सासूबाई हुंगायच्या, म्हणून मी हुंगते."

घरातलं कितीतरी शहाणपण असंच चालत आलं असेल. कुणी विचारत नाही, आणि सणाचं जेवण चांगलं होत राहतं.

त्यांनी दुसरी वडी उचलली आणि सवयीनं आधी त्या चोंदलेल्या नाकाशी धरली. मीही माझी धरली.