मंगळवारचं घर

उत्तराकाकू दामले सव्वीस वर्षं अमेरिकेतल्या वूस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासत होत्या. त्या राहत त्या शेजारच्या श्रूजबरीत नवऱ्याचं पथ्य असो की मराठी मंडळाच्या दिवाळीचा स्वयंपाक, शेवटचा शब्द त्यांचाच असे. चुकलं तर चुकलं म्हणायला त्या कचरत नसत. मात्र तशी वेळ फारशी येत नसे.

लॅबमध्ये त्यांच्या शेजारी बीट्रिस काम करायची. ती केनियातल्या किसुमूची. दोघी दुपारचा डबा एकत्र खात. २००५च्या जानेवारीत बीट्रिसनं सांगितलं, की तिची बहीण मिलिसेंट तिकडच्या बाजारात मासे विकते आणि तिच्या गाळ्यामागे तीन मुली झोपतात. घर सोडून आलेल्या. सगळ्यांत लहान अचिएंग, नऊ वर्षांची. बाजारातल्या बायकांना त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं, पण रोज तीन जास्तीची तोंडं कुणाच्याच घराला झेपणारी नव्हती.

“एकाच घरानं कशाला करायचं? सात घरं शोधा,” काकू म्हणाल्या.

मग त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. दिगंबरराव अकराव्या वर्षी शिकायला मिरजेला आले, तेव्हा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरांनी मिळून एक मुलगा वाढवला.

“कुठल्याही मुलाला?” बीट्रिसनं विचारलं.

“छे! आपल्याच जातीच्या. तेवढं तुम्ही घेऊ नका. बाकीचं घ्या.”

मिलिसेंटनं पंधरा दिवसांत सात घरं उभी केली. इकडे काकूंनी श्रूजबरीतली सात कुटुंबं धरली. एकेकानं तिकडच्या एकेका घराच्या मक्याच्या पिठाचा आणि घेवड्याचा खर्च बघायचा. मंडळाच्या अध्यक्षांना त्यापेक्षा तिकडे एक हॉल बांधून पाटी लावावीशी वाटत होती. “पाटी कोण खाणार?” एवढंच काकूंनी विचारलं.

मंगळवार ऋताकडे होता. ऋता पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, वक्तशीर आणि मनापासून करणारी. मार्चमध्ये तिनं तिकडच्या सातही घरांनी दर आठवड्याला भरायचा एक फॉर्म तयार केला. मुलीचं नाव, वय, आईवडील कुठे आहेत, घर का सोडलं, आज काय जेवली, आणि खाली जेवतानाचा फोटो. काकूंनी तो चष्मा न लावताच पाहिला आणि म्हणाल्या, “छान केलंस. पाठव.”

मेमधल्या एका शनिवारी सकाळी बीट्रिस फोनकार्ड घेऊन काकूंच्या घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्पीकर लावून तिनं बहिणीला गाठलं. तिकडे संध्याकाळ व्हायला आली होती, मागून बाजाराचा गलका ऐकू येत होता.

“अचिएंग मंगळवारी जेवायला जात नाही,” मिलिसेंट म्हणाली. “तीन आठवडे झाले. दुसऱ्या दोघी जातात. हिला विचारलं तर म्हणते, मंगळवारी माझं पोट दुखतं. आता बुधवारीही दुखायला लागलंय. काल ती बसस्टँडवर दिसली, नशेसाठी डिंकाच्या बाटल्या हुंगणाऱ्या पोरांबरोबर.”

“मंगळवारचं घर कुणाचं?”

“पामेलाचं. कपडे शिवते. फार चांगली बाई आहे हो! तुमचा कागद सगळ्यांत नीट तीच भरते.”

काकूंचे यजमान सुमंतकाका ओट्याशी उभे राहून दूध तापवत होते. न वळताच ते म्हणाले, “भरेलच. श्रूजबरीची चौकशी समिती आहे ना वर!”

“अहो, गप्प बसा.” पण लगेच काकू फोनकडे वाकल्या. “मिलिसेंट, कागद जेवणाआधी भरते की नंतर?”

“आधी. पामेला म्हणते, जेवल्यावर मुली पळतात, मग उत्तरं मिळत नाहीत. दर आठवड्याला नवा कागद, म्हणून दर आठवड्याला विचारते. आई कुठे आहे, घर का सोडलंस.”

दिगंबरराव गुरुवारी दत्ताचा उपास करत. घरात हा विनोद म्हणून सांगितला जाई, कारण देवावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. मिरजेत गुरुवारच्या घरची माणसं पान वाढण्याआधी त्यांना पाहुण्यांपुढे उभं करून विचारत, “सांग रे, वडील कसे गेले तुझे?” तो मुलगा उपाशी राहिला, पण त्या घरी पुन्हा गेला नाही. बीट्रिसला सांगताना काकूंनी सोमवार सांगितला, मंगळवार सांगितला. गुरुवार सांगितला नाही.

“पामेलाला सांग, तिची काही चूक नाही,” त्या म्हणाल्या. “कागद चुलीत घाल म्हणावं. फोटो नको, प्रश्न नकोत. आणि मंगळवारी तू स्वतः अचिएंगला घेऊन जा. तिला पामेलाच्या मुलांच्या रांगेत बसवा.”

“नाही आली तर?”

“तर पुढच्या मंगळवारी परत जा.”

दुसऱ्या दिवशी रविवारच्या मराठी शाळेत काकूंनी सातही कुटुंबांना हे सांगितलं. ऋताचा चेहरा उतरला.

“काकू, मी चांगल्या हेतूनं केलं होतं.”

“माहितीये. आणि पाठव मी म्हटलं होतं. माझ्या घरात ही गोष्ट घडलेली, मला कळायला हवं होतं. तुला कुठून कळणार?”

“पण मग आपल्याला कळणार कसं, हे चाललंय की नाही?”

“पोरगी जेवायला येते का, एवढं विचारायचं. येत नसेल तर आपलं काय चुकलं ते शोधायचं. तिचं नव्हे.”

“आणि फोटो? माझ्या मुलांना दाखवायचा होता.”

“तुझ्या ऋषीचा जेवतानाचा फोटो तू तिकडे पाठवलास?”

ऋता हसली. तोंडात घास कोंबलेला ऋषी कुणी परक्यानं पाहावा, ही कल्पना तिला सहन होण्यासारखी नव्हती. तिनं फॉर्म बंद केल्याची मेल तिथूनच, शाळा सुटायच्या आत केली.

पहिल्या मंगळवारी अचिएंग पामेलाच्या दारापर्यंत आली आणि मागे फिरली. बीट्रिसनं हे सांगितलं तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, “दारापर्यंत आली ना?” दुसऱ्या मंगळवारनंतरच्या शनिवारी मात्र मिलिसेंट फोनवर हसतच सुटली.

“जेवली. मक्याच्या पिठाची उगाली दोनदा घेतली. पण पामेला चिडलीय तिच्यावर!”

“का?”

“सगळ्यांसमोर म्हणाली, मासा शिळा आहे. आणि होताच शिळा. माझ्या गाळ्यामागे झोपून पोरीला मासे कळतात. पामेला म्हणते, माझ्याच घरात बसून मला नावं ठेवते!”

काकूंनी ऋताला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती स्पीकरजवळ वाकून ऐकत होती.

“म्हणजे आता परत जाणार नाही का ती?” तिनं घाबरून विचारलं.

“न जायला काय झालं?” मिलिसेंट म्हणाली. “पुढच्या मंगळवारचा मासा स्वतः निवडून नेणार आहे म्हणे.”